ताणा मनाचा, बाणा इंग्रजीचा

सोलापूरच्या भवानी पेठेत राहणाऱ्या माणसास परभाषा कशी शिकावी याचा उपदेश करणे म्हणजे कोळ्याच्या पोरास पोहण्याचे धडे देण्यासारखे आहे. ज्या मुलाच्या घरी आई तेलुगूत रागावते, शाळेत गुरुजी मराठीत शिकवतात, बाजारात भाजीवाली कानडीत भाव सांगते आणि गल्लीच्या तोंडाशी सवंगडी दखनी हिंदीत भांडतात, ते मूल वयाच्या आठव्या-नवव्या वर्षीच चार भाषांच्या वेशींतून विनापरवाना ये-जा करू लागते. आणि या चारांपैकी निदान दोन भाषांचे व्याकरण त्यास कोणी शिकवलेले नसते, त्यांचे शब्दार्थ त्याने कोणत्याही वहीत उतरून घेतलेले नसतात, त्यांत त्याची परीक्षाही कधी झालेली नसते. तेच मूल पुढे दहा-बारा वर्षे इंग्रजी हा विषय इमानेइतबारे घोकून, गुणपत्रिकेवर उत्तीर्णतेचा शिक्का घेऊन बाहेर पडते, आणि कोणी त्यास चार वाक्ये इंग्रजीत बोलण्याची फर्माईश केली, की त्याचा चेहरा जप्तीचा हुकूम हाती पडल्यासारखा होतो. न शिकवलेल्या भाषा आल्या आणि शिकवलेली तेवढी आली नाही, या कोड्याने मला, आयुष्यभर खडू हाती धरलेल्या माणसाला, निवृत्तीनंतरही स्वस्थ बसू दिलेले नाही.

मुलांच्या बुद्धीवर याचे खापर फोडण्याची सोय नाही, आणि वर्षे अपुरी पडली असे म्हणण्यासही आता जागा उरलेली नाही. आपल्याकडे इंग्रजीचे शालेय वय अनेकदा फिरले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या धोरणाने ते आठवीवर गेले, पुढे पाचवीवर आले, आणि २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी ते थेट पहिलीच्या बाकावर आणून बसवले. त्या वर्षी पहिलीत नाव दाखल झालेला मुलगा आज तिशी ओलांडून गेला आहे. त्याचे स्वतःचे मूल कदाचित शाळेत जाऊ लागले असेल. वर्षे वाढली, पाठ्यपुस्तके चकचकीत झाली; कान आणि जीभ मात्र जेथे होती तेथेच राहिली.

याचे कारण मला आपल्या जुन्या वळणात दिसते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीस वाघिणीचे दूध म्हटले, तेव्हापासून ते पिण्याची आपली रीत कागदावरूनच चालत आली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी लिहितेवाचते केले, ते ऋण मोठे आहे आणि ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. परंतु त्या पद्धतीत इंग्रजी वाक्य म्हणजे मराठी वाक्याची मेहनतीने सिद्ध केलेली नक्कल असे. ती नक्कल कागदावर तपासावयाची, तांबड्या शाईने दुरुस्त करावयाची, आणि पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरावयाची. ती कानाने ऐकावयाची किंवा समोरच्या माणसास उद्देशून उच्चारावयाची असते, ही कल्पनाच त्या व्यवहारात नव्हती. आज शाळेच्या कारभारात तोंडी परीक्षेचा रकाना आहे. पण तो भरण्यासाठी मुले पाच-सहा ठरीव वाक्ये पाठ करून येतात व शिक्षक ती ठरीव मनाने ऐकून घेतात, हे मी इतकी वर्षे स्वतः केले असल्यामुळे खात्रीने सांगू शकतो.

मग या उणिवेवर उपाय म्हणून निघाले ‘फाडफाड इंग्रजी’चे वर्ग. त्यांतील सगळेच फसवे आहेत असे नाही. परंतु त्यांच्या संभाषणाचे विषय पाहिले म्हणजे हे वर्ग कोणासाठी चालतात असा प्रश्न पडतो. विमानतळावरील संभाषण, थंड हवेच्या ठिकाणची सुट्टी, उपाहारगृहात मेजवानीची वर्दी कशी द्यावी! घोंगडे वस्तीतील अथवा मड्डी वस्तीतील ज्या मुलीची आई दिवसभर मांडी घालून हजार विड्या वळते आणि हजाराच्या हिशेबाने मजुरी घेते, तिने थंड हवेच्या सुट्टीविषयी काय बोलावे? (विमानतळाविषयी तर आम्हा सोलापूरकरांना बोलण्यासारखे पुष्कळ आहे, कारण त्यासाठी आम्ही साखर कारखान्याची चिमणी पडताना पाहिली, पण तो विषय संभाषणाचा नव्हे, वादाचा आहे.) ज्या गोष्टीचा अनुभव नाही तिच्याविषयी मनुष्य मातृभाषेतही गप्पच बसतो. त्या मुलीच्या मौनास आपण इंग्रजीचे अज्ञान समजतो. वस्तुतः ते विषयाचे दारिद्र्य असते, आणि ते दारिद्र्य तिचे नसून विषय नेमणाऱ्याचे असते.

असा एखादा विषय आहे काय, की ज्यात गिरणीमालकाचा मुलगा आणि विडी कामगाराची मुलगी एकाच पायरीवर उभी राहतील? माझ्या मते आहे, आणि तो म्हणजे मनुष्याचे मन. राग सगळ्यांना येतो. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा सगळ्यांच्या येतो. मैत्रिणीस मिळालेले बक्षीस पाहून आत कोठेतरी जे खुपते ते सगळ्यांना खुपते, आणि आपल्याला खुपले याची लाजही सगळ्यांना वाटते. सवयी लागतात व सुटत नाहीत; किल्ली कोठे ठेवली ते आठवत नाही; दोन वर्षांपूर्वीचा अपमान मात्र शब्दशः आठवतो. या भांडवलासाठी कोणाचे तोंड पाहावे लागत नाही, प्रवास करावा लागत नाही, पुस्तक विकत आणावे लागत नाही. नित्याच्या मानसशास्त्राचे विषय घेऊन इंग्रजी ऐकावी, बोलावी आणि शब्द कमवावेत, असे मी म्हणतो ते एवढ्यासाठीच.

गेली काही वर्षे संध्याकाळी सात-आठ मुले आमच्या ओसरीवर बसतात. तेथे फी नाही, फळाही नाही. आधी कोणाच्या तरी मोबाईलवर दहा मिनिटे सोप्या इंग्रजीतील एखादा मनाविषयीचा प्रयोग अथवा किस्सा ऐकावयाचा, तो दुसऱ्यांदा ऐकावयाचा, आणि मग आपापल्या आयुष्यातील तसलाच प्रसंग मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगावयाचा, एवढाच शिरस्ता. पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम लाजेचा विषय घेतला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गमतीदार प्रयोग केला होता, तो २००० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यास एका गायकाचे चित्र छापलेला टीशर्ट घालावयास लावायचा, आणि गायकही असा की त्या वयाच्या मुलास तो अंगावर मिरवण्याची शरम वाटावी. तशा वेषात त्यास इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचे आणि मागाहून विचारायचे, की तुझ्याकडे किती जणांचे लक्ष गेले असेल? त्याने सांगावे की निम्म्यांचे तरी. प्रत्यक्षात ते चित्र सुमारे चौथा हिस्सा लोकांच्याच लक्षात आलेले असे. मनुष्य स्वतःस रंगमंचाच्या उजेडात उभा समजतो, आणि प्रेक्षक मात्र आपापल्या काळजीत गुंतलेले असतात.

हा किस्सा संपला आणि एक मुलगा, जो तोपर्यंत माझ्या प्रश्नांना केवळ मान हलवून उत्तरे देत असे, तो बोलू लागला. नारळी पौर्णिमेस मार्कंडेय महामुनींच्या रथोत्सवात त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता, आणि एक चप्पल हातात घेऊन चालताना उभे सोलापूर आपल्याच पायाकडे पाहत आहे असे त्यास वाटले होते. त्याने क्रियापदांचे काळ चुकवले, चपलेस ‘शूज’ म्हटले, ‘एव्हरीबडी लुकिंग माय लेग’ असे म्हटले. पण सात-आठ वाक्ये तो थांबला नाही, कारण त्यास काहीतरी सांगावयाचे होते. शेवटी बाजूच्या मित्राने, जो त्या दिवशी त्याच्याबरोबर होता, इंग्रजीतच त्यास सांगितले, की आय डोन्ट रिमेंबर. सगळे हसले. तो हशा माझ्या तीस वर्षांच्या तासांत मला क्वचितच ऐकू आला होता.

या लाजेची दखल शास्त्रानेही घेतली आहे. इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८६ साली परभाषेच्या वर्गातील भयाचे मोजमाप करण्यासाठी ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली, आणि हे भय सर्वसाधारण भित्रेपणाहून निराळे आहे असे प्रतिपादन केले. त्याच दशकात स्टीफन क्रॅशन यांनी असे मत मांडले, की मनात भीतीचा व संकोचाचा पडदा असला म्हणजे कानावर पडलेली भाषा आत उतरतच नाही. क्रॅशन यांच्या मतांवर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. परंतु भवानी पेठेतील ते चार भाषांचे कोडे मला त्या पडद्याच्या उपमेनेच थोडेफार उलगडले. कानडी बोलताना चुकलो तर भाजीवाली हसते आणि वर कोथिंबीर देते. इंग्रजी बोलताना चुकलो तर आपली जात, आपली शाळा, आपल्या बापाचा धंदा, सगळेच उघडे पडले असे मुलास वाटते. ज्या भाषेत चुकण्याची मुभा असते ती भाषा येते. तेव्हा ज्या भयामुळे इंग्रजी अडते त्या भयालाच इंग्रजी संभाषणाचा विषय करावे, यात काट्याने काटा काढण्याचा व्यवहारीपणा आहे.

पण माझ्या ओसरीवरची सर्वांत संपन्न संध्याकाळ ठरली ती ‘स्ट्रेस’ या शब्दाची. हा शब्द मुलांना येत होता. किंबहुना तो न येणारे मूल आता मिळणे कठीण. मी त्यांना एवढेच सांगितले, की हा शब्द यंत्रशास्त्रातलाही आहे. पूल, तुळई, लोखंडी कांब यांवर भार आला म्हणजे त्यांच्या अंगात जे निर्माण होते त्याचे ते नाव. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली शरीरावरील आघातांच्या प्रतिक्रियेविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध केले, आणि पुढे त्याने त्या प्रतिक्रियेसाठी हा लोखंडाचा शब्द उचलला. मग मी विचारले, आपण याला मराठीत काय म्हणतो? ‘ताण’, असे सगळे एका सुरात म्हणाले, आणि म्हणताक्षणी दोघे-तिघे थबकले. कारण समोरच्या घरातून यंत्रमागाचा खडखडाट चालूच होता, आणि मागावरच्या उभ्या सुतास ताणा म्हणतात हे त्यांना जन्मापासून माहीत होते. इंग्रजांनी मनाच्या क्लेशास लोखंडाचे नाव दिले. आपण सुताचे दिले. सोलापुरात बसून हा भेद समजावून सांगण्यास पुस्तक लागत नाही.

त्याच वेळी भाच्यास न्यायला आलेले एक गृहस्थ, जे स्वतः टॉवेलाच्या मागावर काम करतात व ज्यांना सगळी मुले मामा म्हणतात, ते उंबऱ्याशी उभे होते. त्यांनी जे सांगितले ते मी कोणत्याही मानसशास्त्राच्या ग्रंथात इतक्या सुबोध रीतीने वाचलेले नाही. टॉवेलास, ते म्हणाले, ताणे दोन असतात. एक कसून ताणलेला, तो कापडाचा सांगाडा; दुसरा मुद्दाम सैल सोडलेला, त्याचीच ती मऊ वेटोळी होतात जी पाणी टिपतात. दोन्ही कसले तर टॉवेल होणार नाही, चादर होईल. दोन्ही सैल सोडले तर काहीच होणार नाही. आणि ताण्याचे सूत मागावर चढवण्याआधी त्यास खळ द्यावी लागते, नाहीतर फणीच्या घर्षणाने ते पहिल्या तासातच तुटू लागते. मुलांना मी म्हटले, हे इंग्रजीत सांगा. अर्धा तास गेला. ‘टाइट’, ‘लूज’, ‘थ्रेड’, ‘ब्रेक’, ‘सॉफ्ट’, एवढ्याच पुंजीवर त्यांनी तो माग उभा केला, आणि मग एक मुलगी आपण होऊन म्हणाली, की परीक्षेच्या दिवसांत तिची आई तिचे दोन्ही ताणे कसते. ते वाक्य तिने इंग्रजीत म्हटले. व्याकरणदृष्ट्या ते सदोष होते, आणि इतके नेमके होते की मला ते दुरुस्त करण्याचे धैर्य झाले नाही.

मग मी त्यांना सांगितले, की १९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोघा अमेरिकनांनी उंदरांवर प्रयोग करून असे पाहिले होते, की काम कठीण असेल तेव्हा फार सौम्य धक्क्याने शिकणे रेंगाळते, फार तीव्र धक्क्याने ते बिघडते, आणि मधला धक्का कामास येतो. मामांनी हे ऐकून घेतले आणि विचारले, ‘सर, एवढ्यासाठी उंदरांना कशाला त्रास दिला?’ या प्रश्नाचे उत्तर मजजवळ मराठीतही नव्हते.

शब्दसंग्रहाविषयी लोकांच्या मनात जी धास्ती आहे तिचाही येथे परामर्श घेणे अवश्य आहे. दररोज पन्नास शब्द पाठ करण्याचे जे व्रत मुले घेतात ते पहिल्या आठवड्यातच मोडते, आणि मोडणे स्वाभाविक आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवून दिले होते, की निरर्थक अक्षरे पाठ केली तर त्यांतील मोठा भाग पहिल्या काही तासांतच गळून जातो, आणि अंतराअंतराने केलेली उजळणी एका बैठकीतील घोकंपट्टीहून अधिक टिकते. शिवाय नित्य व्यवहारास शब्द लागतात तरी किती? मायकेल वेस्ट, ज्यांनी बंगालमध्ये अध्यापनात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली, त्यांनी १९५३ साली जी उपयुक्त इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली तिच्यात सुमारे २००० शब्द आहेत. अमेरिकेच्या आकाशवाणीने १९५९ साली परदेशी श्रोत्यांसाठी संथ गतीचे जे इंग्रजी प्रसारण सुरू केले त्याचा संसार सुमारे १५०० शब्दांत चाले. भीती, राग, लाज, हेवा, सवय, विसर, आशा, संशय, यांचे साधे इंग्रजी शब्द या अल्प भांडवलात बसतात. मनाविषयी बोलण्यास जड शब्द लागतात हा समज पदवीधरांनी पसरवला आहे.

उलट आपलेच काही शब्द इतके सूक्ष्म आहेत की त्यांना इंग्रजीत नेताना इंग्रजीची दमछाक होते, आणि ती दमछाक हाच मला संभाषणाचा सर्वोत्तम अभ्यास वाटतो. ‘रुसणे’ घ्या. शब्दकोशातील ‘सल्क’ हा इंग्रजी शब्द त्याच्या जवळपास येतो, पण त्यात निंदेचा वास आहे. फुरंगटून बसलेल्या हट्टी पोराचे ते वर्णन. आपल्या रुसव्यात हक्क आहे. जो माझी मनधरणी करील अशी मला खात्री आहे त्याच्यावरच मी रुसतो. परक्यावर कोणी रुसत नाही. आमच्या पेठेतील तेलुगू घरांत याच भावास ‘अलक’ म्हणतात, आणि लग्नात जावयाने अलक धरून बसावे, सासऱ्याने काही देऊन त्याची समजूत घालावी, असा रिवाजही आहे. जपानी मनोविकारतज्ज्ञ ताकेओ दोई यांना आपल्या भाषेतील ‘अमाए’ या शब्दास, म्हणजे दुसऱ्याच्या मायेवर विसंबून लाडावण्याच्या वृत्तीस, इंग्रजीत प्रतिशब्द सापडेना, आणि त्या एका न सापडणाऱ्या शब्दावर त्यांनी १९७१ साली अख्खा ग्रंथ लिहिला. आमच्या ओसरीवर ‘रुसणे’ इंग्रजीत समजावण्यास तीन मुलींना वीस मिनिटे लागली. चुटपुट, रुखरुख आणि हुरहूर यांतील भेद सांगण्याची पाळी अजून यावयाची आहे, आणि ‘कानकोंडे होणे’ हा वाक्प्रचार मी पावसाळ्यातील एखाद्या लांबलेल्या संध्याकाळसाठी राखून ठेवला आहे.

तथापि या मार्गात एक खड्डा आहे. मनाचे इंग्रजी शब्द हाती आले म्हणजे ते स्वतःस व शेजाऱ्यास चिकटवण्याचा मोह होतो. एक दिवस मन खट्टू झाले की ‘डिप्रेशन’, कपाट नीट लावले की ‘ओसीडी’, सासूने टोमणा मारला की ‘ट्रॉमा’! ‘इगो’ या शब्दाची आपण जी दशा केली ती तर पाहण्यासारखी आहे. फ्रॉइडने १९२३ साली जर्मनमध्ये ‘मी’ या अर्थाचा घरगुती शब्द वापरला होता. इंग्रजी भाषांतरकारांनी त्यास लॅटिनचा अंगरखा चढवला, आणि आम्ही तो अंगरखा शिवीसारखा वापरू लागलो, की त्याला फार इगो आहे हो. शब्द शिकणे म्हणजे निदान करणे नव्हे, हे संभाषणाच्या पहिल्याच दिवशी मुलांना बजावले पाहिजे. ज्याचे दुःख खरोखर दुःखाच्या पलीकडे गेले आहे त्यास इंग्रजीच्या सरावाची नव्हे, उपचाराची गरज असते. त्यासाठी २०२२ सालापासून शासनाची ‘टेलिमानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते, आणि ती मराठीत बोलते.

मराठीत बोलते, हे मी मुद्दाम लिहिले. परभाषेत भावना जरा बोथट होतात. शिकागो विद्यापीठातील बोअझ केसार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवले, की एकच प्रश्न परभाषेत विचारला असता माणसे शब्दांच्या मांडणीस कमी भुलतात. जणू परभाषा मनुष्यास स्वतःपासून दोन हात दूर उभे करते. यात लाभ आहे, कारण जी गोष्ट मातृभाषेत ओठांवर येत नाही ती इंग्रजीत सांगवते. माझ्या ओसरीवर बापाच्या दारूविषयी पहिले वाक्य निघाले ते इंग्रजीत निघाले. आणि यातच तोटाही आहे. आपण दिवसातून वीसदा ‘सॉरी’ म्हणतो, कारण त्यास किंमत पडत नाही; ‘माझे चुकले’ म्हणावयास मात्र घसा कोरडा पडतो. म्हणून इंग्रजीत सांगून झालेली गोष्ट घरी जाऊन एकदा आपल्या भाषेत आईस सांगावी, असा नियम मी घातला आहे. तो किती जण पाळतात याची हजेरी मी घेत नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा, की मनाच्या गप्पा हे पोटभरल्यांचे चोचले. आमच्या मुलांना नोकरी हवी. त्यांना माझे सांगणे एवढेच, की पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्यास मुलाखतीसाठी जाणाऱ्या मुलास तेथे काय विचारतात ते त्यालाच विचारा. स्वतःविषयी सांगा. तुमचा एखादा दोष सांगा. सहकाऱ्याशी मतभेद झाला तर काय कराल? दडपण आले असता कसे वागता? यांतील एकही प्रश्न विमानतळाचा नाही, व्याकरणाचा तर नाहीच. सगळे प्रश्न मनाचे आहेत, आणि आमची मुले तेथे अडतात ती इंग्रजी येत नाही म्हणून जितकी, तितकीच स्वतःच्या मनाविषयी कोणी त्यांना कधी कोणत्याच भाषेत विचारले नाही म्हणून.

दुसरा आक्षेप मातृभाषाभिमान्यांचा, आणि त्याबद्दल मला आदर आहे. त्यांना मी आपल्याच जिल्ह्यातील दाखला देतो. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा दहा लाख डॉलरांच्या रकमेची चर्चा फार झाली. परंतु त्यांनी प्रारंभी केलेले काम त्या रकमेहून मोलाचे होते. मुलींची घरची भाषा कानडी आहे हे ध्यानी येताच त्यांनी ती स्वतः शिकून घेतली व पाठ्यपुस्तके त्या भाषेत आणली. आणि त्याच शाळेतील मुले पुढे पडद्यावरून परदेशी मुलांशी बोलू लागली. आधी घरची भाषा, मग जगाची. हा क्रम ज्याने पाळला त्यास दोन्ही मिळाल्या.

आणि ज्यांना भाषा वयात आल्यावर येत नाही असे वाटते त्यांनी याच शहरात १९१० साली जन्मलेल्या द्वारकानाथ कोटणीसांचे स्मरण करावे. १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेलेला हा सत्तावीस वर्षांचा तरुण चिनी भाषेचा एकही शब्द शाळेत शिकलेला नव्हता. जखमी शिपायास कोठे दुखते, त्यास भीती कशाची वाटते, हे विचारल्याखेरीज शस्त्र चालवता येत नाही, म्हणून तो ती भाषा शिकला; पुढे त्याच भाषेत त्याने विद्यार्थ्यांना शिकवले, आणि १९४२ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच देह ठेवला. त्याच्या तोंडी परीक्षेचा रकाना कोणी भरला नव्हता.

माझी ओसरी आता अपुरी पडते. पावसात दोन मुले भिजतात. भवानी पेठेत गणेशोत्सव मंडळांच्या, समाजांच्या, वाचनालयांच्या अशा कितीतरी खोल्या आहेत, ज्या वर्षातील दहा-पंधरा दिवस उघडतात व उरलेले दिवस कुलपात असतात. मला त्यांपैकी एक, मागांची दिवसपाळी सुटल्यानंतरचा एक तास, आठवड्यातून तीन दिवस हवी आहे. बाके नकोत, सतरंजी आमची आम्ही आणू. विजेचा दिवा असला म्हणजे झाले. रूपाभवानीच्या देवळापासून मुलींना पायी येता येईल अशा अंतरावर तशी एखादी खोली असेल, तर तिची किल्ली कोणाकडे असते तेवढे येत्या नवरात्रापूर्वी कळवावे.